पाहणी जूनमध्ये झाली

रायबंदरहून पावणेअकराची फेरीबोट धरून
तिघे साहेब चोडणला उतरले,
चौथा छत्र्या सांभाळायला.
मी होडीतलं पाणी उपसून ठेवलं होतं,
बसायला कोरडं पोतं अंथरलं होतं.
कुणी बसलं नाही.
बांधावर उभं राहून त्यांनी कांदळवनाकडे पाहिलं,
जसं बंद दुकानाकडे पाहतात.
एकाने निवटीला बेडूक म्हटलं.
मग परतीच्या बोटीचा भोंगा झाला.

कागदावर आलं :
‘सदर जागी स्थलांतरित पक्षी आढळून आले नाहीत.’
खाली तीन सह्या.

जूनमध्ये कसे आढळतील, साहेब?
जूनमध्ये ते त्यांच्या दुसऱ्या घरी असतात,
तिथे अंडी फुटत असतात.

आमच्या शेजारचा कायतान बोटीवर खलाशी.
दहा महिने घराला कुलूप, चावी आमच्याकडे.
बायको शनिवारी त्याच्या खुरसापुढे मेणबत्ती लावते,
दोडक्याचा वेल त्याच्याच कुंपणावर चढवते.
डिसेंबरात तो येतो, साबणाच्या वासाची बॅग घेऊन,
आणि पहिल्या रात्री झोप लागत नाही म्हणून
आमच्या पायरीवर येऊन बसतो.
पंचायत त्याच्याकडून घरपट्टी घेते.
‘सदर घरी इसम आढळून आला नाही’
असं लिहून अजून कुणी त्याचं घर
तिसऱ्याला दिलेलं नाही.

जुलैत खुंट्या आल्या. अठरा.
मानशीपासून खाडीच्या तोंडापर्यंत एका रेषेत,
डोकी लाल रंगवलेली, प्रत्येकीला आकडा.
धक्का होणार म्हणे, पाहुण्यांच्या बोटींसाठी.
माझा बाप याच कांदळाची लाकडं चुलीत घालायचा,
तेही सांगतो. लपवून काय करू?
ती खुरटलेली फांदी मोठी झालेली मी पाहिली,
म्हणून तर रोजंदारीवर अकरा वर्षं टिकलो.

अकरा वर्षांच्या अकरा वह्या.
तारीख, पाणी, जागा, पक्षी, संख्या, शेरा.
पाणटिवळे, मानशीजवळ, दोनशे दहा.
थापट्या, सोळा. एक लंगडा.
कैकर, एक, तोंडात शेवटा.
पणजीला झेरॉक्स काढायला नेल्या
तर दुकानदार पानं उलटत म्हणाला,
‘एवढी उधारी कुणाची हो?’
नावं, आकडे, तारखा; त्याचंही बरोबर.
म्हटलं, गावाचीच.
त्याने पानामागे आठ आणे कमी घेतले.

गठ्ठा कचेरीत दिला. पोच मिळाली.
पोचेवर माझं नाव चुकलंय,
सोयरूचं सोमरू झालंय,
पण शिक्का गोल आणि ठळक आहे.

ऑगस्ट सरता सरता, सुकतीला,
सात नंबरच्या खुंटीवर एक तुतारी बसलेली दिसली.
एकटीच. मागचा भाग वरखाली, वरखाली,
जसं लांबच्या प्रवासानंतर
उतरलेल्या माणसाला जमीन हलते.
लाल रंगावर पांढरी शीट केली
आणि चिखलात उतरून कामाला लागली.
मी वही काढली.
खुंटी क्रमांक सात, सकाळी सहा चाळीस, एक.
शेऱ्यात ‘घरी आली’ लिहिलं,
मग खोडलं, सरकारी वही आहे.
खोडलेलं वाचता येतं.

सुनावणी नोव्हेंबरात लागलीय, पणजीला,
तिसऱ्या मजल्यावर.
मी अर्ज केलाय, सुनावणी इथे घ्या,
बांधावर, सकाळच्या ओहोटीला,
खुर्च्या शाळेतून आणू.
उत्तर आलेलं नाही.
होडीतलं पाणी रोज उपसतो.
पोतं उन्हात घातलंय.